सासऱ्यांच्या कपाटापासून सुरुवात कर

"मावशी, सलाम. मी मूळची रत्नागिरीची, लग्नानंतर मलेशियात शाह आलमला आले. नवरा मलाय, सासर जोहोर राज्यातल्या मुआरचं. गेल्या हारी रायाला, म्हणजे रमजान ईदला, मी नवी नवरी होते. हातात दिलं ते घातलं. यंदा सासूबाईंनी (आम्ही त्यांना माक म्हणतो) कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर करून टाकलं की सगळ्यांचे कपडे मी आणणार. माणसं दहा: माक, सासरे म्हणजे आबाह, मोठी नणंद काक लॉन्ग, तिचा नवरा, त्यांची नऊ आणि सहा वर्षांची दोन मुलं, एक चार महिन्यांचं बाळ, मी, माझा नवरा आणि धाकटा दीर. त्यात माझे आईबाबा पहिल्यांदाच ईदला येताहेत, म्हणजे बारा. सगळ्यांनी एका रंगात यायचं, अशी इथली पद्धत. माकना हिरवा हवाय, काक लॉन्गला काळा. दीर म्हणतो काहीही चालेल आणि मग प्रत्येक रंगाला नाक मुरडतो. नवऱ्याने 1500 रिंगिट दिलेत, त्यात बसवायचंय. आई विचारते, मुंबईच्या मंगलदास मार्केटातून एकच तागा उचलून आणू का? आणि ती आणि बाबा काय घालतील? मला शिवणातलं ओ की ठो कळत नाही. रमजान पाच आठवड्यांवर आलाय."

अगं सूनबाई,

ग्रुपवर "कोणता रंग घेऊ या?" असं विचारलंस तिथेच फसलीस. दहा माणसांना रंग विचारला की दहा रंग येतात. त्यातल्या त्यात "काहीही चालेल" म्हणणारा सर्वांत घातक, कारण त्याचा नकार शेवटच्या दिवशी कळतो. तो प्रश्न आता आहे तिथेच मरू दे, पुन्हा वर काढू नकोस.

आणि दुकानात तर इतक्यात पाऊलच टाकू नकोस. नवऱ्याला सांग, आबाहना फोन करून त्यांच्या कपाटातली सगळी सांपिनं पलंगावर पसरायला लाव, आणि भर दिवसाच्या उजेडात काढलेले फोटो मागव.

हे सदर वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते. मलाय पुरुषांचा सणाचा पोशाख म्हणजे बाजू मलायू: सैल, लांब बाह्यांचा सदरा, त्याच कापडाची विजार, आणि कमरेभोवती गुंडाळलेलं, गुडघ्यापर्यंत येणारं सांपिन. डोक्यावर काळी मखमली टोपी, ती सोंगकोक. बायकांचा बाजू कुरुंग: गुडघ्यापर्यंत सैल झगा आणि खाली पायघोळ परकर. या सगळ्यात सांपिन ही एकच गोष्ट अशी की ती वर्षानुवर्षं टिकते. चांगलं सांपिन सोंगकेतचं असतं, म्हणजे विणतानाच सोनेरी-रुपेरी तार भरून बुट्टे काढलेलं कापड. तेरेंगानू आणि केलांतान या पूर्व किनाऱ्यावरच्या राज्यांतलं हातमागाचं सोंगकेत नावाजलेलं. 2021 मध्ये युनेस्कोने मलेशियाच्या सोंगकेतला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. हातमागाचं एक सांपिन शेकड्यांपासून हजारो रिंगिटांपर्यंत जातं, यंत्रावरचं त्याच्या एका कोपऱ्याच्या किमतीत मिळतं. तुझ्या आबाहंच्या वयाच्या जोहोरी माणसाकडे एक तरी जपून ठेवलेलं, लग्नातलं किंवा कुणी भेट दिलेलं, असणारच.

रंग त्या सांपिनावरून ठरव. सदरा दरवर्षी नवा होतो, सांपिन होत नाही. मग जुन्या, महागाच्या वस्तूला शोभेल असा नवा, स्वस्त कपडा घ्यायचा की नव्या कपड्याला शोभावं म्हणून बारा माणसांत सहा सांपिनं विकत घ्यायची? लोक दुसरं करतात, आणि मग ईदच्या आदल्या आठवड्यात "बाकी सगळं झालं, फक्त सांपिन राहिलं" म्हणत फिरतात आणि मिळेल ते चकचकीत उचलतात.

याचा दुसरा फायदा घरातला आहे. माक विरुद्ध काक लॉन्ग या सामन्यात पंच व्हायचं काम सुनेने घेऊ नये. "आबाहंचं चांगलं सांपिन यंदा सगळ्यांना दिसू दे, त्याला जुळेल असा रंग घेऊ" असं म्हटलंस तर त्याविरुद्ध मत कोण देणार? समजा ते काळ्या जमिनीचं, सोनेरी बुट्ट्यांचं निघालं: मग गडद पाचूसारखा हिरवा घे. माकना हिरवा मिळाला, आणि काक लॉन्ग त्यावर काळा परकर आणि काळा तुडुंग, म्हणजे डोक्यावरचा रुमाल, घेऊ शकते. आमसुली निघालं तर हिरवा सोडावा लागेल. मात्र ती बातमी माकना आबाहंनी द्यायची, तू नाही.

ग्रुपवर टाकताना दोनच पर्याय टाक, सांपिनाच्या फोटोशेजारी कापडाचा तुकडा धरून. उद्या रात्रीपर्यंत सांगा, म्हण. दीर तेव्हाही गप्प बसेल. गप्प बसणं म्हणजे होकार, हेही आधीच लिहून टाक.

आता "एकच रंग" याचा तू लावलेला अर्थ. सेदोन्दोन, म्हणजे सगळ्या घराने जुळणारे कपडे घालणं, याचा हट्ट अलीकडे इतका वाढलाय की काही घरांत शाळेचं संमेलन भरल्यासारखं दिसतं. सगळ्यांचं कापड एकाच ताग्यातलं असण्याची काही गरज नाही. उलट मी तर म्हणेन, नसावंच. पुरुषांच्या सदऱ्याला जे जरा ताठ, घाम शोषणारं सुती किंवा सुती-मिश्र कापड लागतं ते कुरुंगाला शोभत नाही, आणि कुरुंगाला जे अंगावरून झुळझुळत खाली येणारं क्रेप लागतं त्याचा सदरा शिवला तर लुळा पडतो. दोन पोतांवर एकच रंग कधीच एकसारखा चढत नाही, मग जुळवण्याचा आटापिटा कशाला? एक गडद, एक मध्यम, एक फिकी अशा एकाच घराण्यातल्या तीन छटा धर. पुरुष गडद घेतील, बायका मध्यम, आणि कुणी छापील फुलांचं कापड घेतलं तर त्यातलं पान तरी त्या रंगाचं हवं. फोटोत हे जास्त चांगलं दिसतं, आणि नवव्या दुकानात "अगदी हाच हिरवा" शोधत फिरायची वेळ येत नाही. दुकानदार छटांना जी नावं देतात त्यांवर विसंबू नकोस. एकाचा शेवाळी तो दुसऱ्याचा पिस्ता असतो, आणि ऑनलाइनच्या फोटोत दोन्ही राखाडी दिसतात. कापडाचा तुकडा पर्समध्ये ठेवून हिंड.

आईच्या ताग्याचं उत्तर यातच आलं. अख्खा तागा नको. मंगलदासमधलं कापड चांगलंच असतं, पण तिथे फोनवर रंग ठरवून इथल्या सांपिनाशी जुळवायचा म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. आईला काही आणायचंच असेल तर माकसाठी एक साधी, हलक्या काठाची साडी आणू दे. साडीचा कुरुंग शिवायची मलेशियात चांगली चाल आहे. साडेपाच मीटरमध्ये झगा आणि परकर दोन्ही निघून वर थोडं उरतं, आणि काठ झग्याच्या घेराला आणि परकराच्या खालच्या कडेला फिरवतात. तुझ्या आईने आणलेलं कापड तुझ्या सासूने अंगावर घातलं, याला बाजारात किंमत नाही. (पैठणी मात्र देऊ नका. तिला कात्री लागलेली मला बघवणार नाही.) साडी लवकर पोचली पाहिजे, येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठव म्हणावं. आईबाबा ईदच्या आठवड्यात येणार आणि साडी त्यांच्या बॅगेत असणार, तर ती पुढच्या ईदला.

कारण शिंपी. तू रमजान पाच आठवड्यांवर आला असं लिहितेस, म्हणजे ईद नऊ आठवड्यांवर. तुला वाटत असेल बराच वेळ आहे. चांगले शिंपी रमजान लागायच्या आधीच नवं काम घेणं बंद करतात, काही तर त्याच्याही कितीतरी आधी. दुकानावर पाटी लागते आणि मग ओळख, वशिला, काही चालत नाही. म्हणून बारा जणांचे कपडे शिवून घ्यायचा विचारच करू नकोस. साध्या कापडाच्या कुरुंगाची शिलाई कित्येकदा कापडापेक्षा महाग पडते, अस्तर लावलं तर आणखी. ज्यांना तयार कपडा बसत नाही तेवढ्यांचंच शिवायला टाक. तुझ्या घरात असे दोनच दिसतात मला: आबाह आणि काक लॉन्ग. साडी वेळेत आली तर माक तिसऱ्या.

आबाहंचं का, ते सांगते. दुकानात तयार मिळणाऱ्या बाजू मलायूंत सगळीकडे चेकाक मुसांगच दिसतो. त्याला उभी पट्टीची कॉलर असते आणि समोर पाच बटणं. ही पाच बटणं इस्लामच्या पाच स्तंभांची खूण मानतात. जोहोरची शान मात्र तेलुक बलांगा. त्याला कॉलर नसते, गोल गळा, पुढे छोटी चीर आणि एकच बटण. गळ्याच्या कडेला हाताने घातलेली बारीक टीप असते, तिला तुलांग बलुत, म्हणजे ईल माशाचा काटा, म्हणतात. पुढे जोहोरचे सुलतान झालेले अबू बकर यांनी 1866 साली राज्याचं ठाणं सिंगापूरच्या तेलुक बलांगाहून आजच्या जोहोर बाहरूला हलवलं, त्याच्या आठवणीसाठी हा पोशाख काढला, असं जोहोरात सांगतात. सांपिन बांधायची रीतही वेगळी. चेकाक मुसांगवर सांपिन सदऱ्याच्या वरून बांधतात, जोहोरी पद्धतीत सदऱ्याच्या आतून, म्हणजे सदऱ्याखाली त्याचा खालचा भागच दिसतो. मुआरच्या सत्तरीच्या आसपासच्या गृहस्थाला तू पाच बटणांचा, कमरेला घट्ट, तरुणांच्या कापाचा सदरा नेऊन दिलास तर ते घालतील, सुनेचं मन मोडणार नाहीत, आणि दुपारी गुपचूप जुना चढवतील. त्यांचा एक नीट बसणारा जुना सदरा नवऱ्याला मुआरहून आणायला सांग. मापं घेण्यापेक्षा शिंप्याला तो देणं चांगलं. तुलांग बलुत हाताची हवी की यंत्राची, हे आधीच बोलून घे, कारण हाताला वेळ आणि पैसे दोन्ही जास्त लागतात.

काक लॉन्ग हे जास्त नाजूक प्रकरण. तिचं बाळ आज चार महिन्यांचं, ईदला सहा महिन्यांचं. आत्ता घेतलेलं माप ईदला लागू पडेल याची खात्री ना तिला ना शिंप्याला, आणि वहिनीने नणंदेच्या कमरेचा घेर ग्रुपवर विचारणं म्हणजे युद्धाला आमंत्रण. तिला तिच्याच शिंप्याकडे जाऊ दे, तू फक्त कापड दे. 45 इंची पन्ह्याचं असेल तर चार मीटर, 60 इंची असेल तर तीन, अंगाने भरलेली असेल तर अर्धा मीटर वर. तिला सुचव, पण एकदाच, की जुन्या धाटणीचा कुरुंग शिव. त्यात बगलेत कळी आणि बाजूंना पट्टे जोडलेले असतात, तो अंगाला कुठेच चिकटत नाही. हल्लीच्या कुरुंगात छातीला-कमरेला टक्स आणि मागे चेन असते. तो फोटोत सुबक दिसतो, पण जेवणानंतर नाही. बाळ अंगावर पितं, तेव्हा पुढे लपवलेली चेन हवीच. तयार कपड्यांतही अशी चेनवाली कुरुंगं आता सर्रास मिळतात. शिवाय मनगट सैल किंवा चेनचं हवं, म्हणजे वजूसाठी, नमाजाआधी हात-तोंड धुताना, बाही वर सरकते. ही गोष्ट दुकानात लक्षात येत नाही, नमाजाच्या वेळी येते. तुझ्या स्वतःच्या कुरुंगालाही बघून घे. आणि शिंप्याला शिवणीत माया, म्हणजे पुढे उसवून सैल करता येईल असं जादा कापड, भरपूर सोडायला सांग.

तुडुंगात हात घालू नकोस. कुणाला चौकोनी लागतो, कुणाला लांब ओढणी, माकच्या पिढीला कदाचित छातीच्या खाली येणारा मोठा. रंग सांग, बाकी ज्याचं त्याने घ्यावं.

मुलांचं सोपं आहे, पण लोक तिथेच पैसे उडवतात. नऊ आणि सहा वर्षांच्या पोरांना एक माप मोठं घे, विजारीला कमरेत इलॅस्टिक, सांपिन आधीच शिवून वेलक्रो लावलेलं. सुती घे. चमकत्या पॉलिएस्टरच्या कपड्यात मुलं तासाभरात घामाने रडकुंडीला येतात. दुसरं असं की, ईदच्या आदल्या संध्याकाळी गावच्या घरांपुढे तेलाचे दिवे लागलेले असतात, मुलांच्या हातात फुलबाज्या असतात, आणि ठिणगी पडली तर पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. नवे कपडे सकाळसाठी, रात्री जुने सुती, हा नियम माककडून जाहीर करून घे. त्यांचं मुलं ऐकतात. बाळाला त्याच रंगाचा मऊ झबल्यासारखा काही तरी घे आणि विसरून जा. ते पहिल्या दहा मिनिटांत त्यावर दूध काढणार आहे. आणि मुलांना फिका रंग अजिबात नको. रेंदांग, म्हणजे नारळाच्या दुधात आटवलेलं मसालेदार मांस, आणि शेंगदाण्याची आमटी, दोन्हींचे डाग जात नाहीत.

पुरुषांचा विभाग नवऱ्याकडे सोपव, पूर्णपणे. भावाचं, मेहुण्याचं माप त्याने विचारायचं. सोंगकोकसाठी कानांच्या वरून डोक्याचा घेर मोजून न्यायचा, कारण मखमलीखालचा पुठ्ठा ताणत नाही, अर्धा सेंटीमीटर कमी पडला तरी नमाजाला वाकताना पडतो किंवा कपाळ दुखतं. बटणं सदऱ्याबरोबर येतात असं समजू नका, चेकाक मुसांगची पाच बटणं बहुधा वेगळी, साखळीने एकमेकांना जोडलेली विकतात. जुनी असतील तर ती शोधा. प्रत्येक मलाय घरात बटणांचा एक संच कुठल्या तरी डब्यात हरवलेला असतोच. "मला यातलं काही कळत नाही" असं तो म्हणाला तर त्याला आठवण कर, बाजू मलायू तो लहानपणापासून घालतोय, तू नाही.

आता कुठे जायचं. क्वालालंपूरचा जालान तुआंकू अब्दुल रहमान आणि त्याला लागून असलेली मस्जिद इंडियाची गल्ली, हे कापडाचं खरं माहेर. ज्यांच्या नावाचा हा रस्ता ते स्वतंत्र मलायाचे, म्हणजे आजच्या मलेशियाचे, पहिले राजे, त्यांचा चेहरा रिंगिटच्या नोटांवर आहे, आणि त्या नोटा सर्वांत वेगाने हात बदलतात त्या त्यांच्याच रस्त्यावर. शाह आलमहून गाडी घेऊन जाऊ नकोस. लोकल पकड, बँक नगारा स्टेशनला उतर, तिथून चालत जाता येतं. आठवड्यातल्या मधल्या दिवशी, सकाळी दुकानं उघडताना जा, आणि रमजानच्या आधी जा. तिथे कापडवाल्यांत भारतीय वंशाचे पुष्कळ, पण हिंदीच्या भरवशावर राहू नकोस, मनापासून घासाघीस मलायमध्येच कर. तू रत्नागिरीची आहेस, मासे घेताना जशी बोलतेस तशी बोल. कापड मीटरवर फाडून घेण्याआधी घडी उलगडून मधला पट्टा बघ, दर्शनी घडीचा रंग उन्हाने उडालेला असतो. आणि पुरुषांच्या सदऱ्यांचं कापड घेणार असशील तर तेवढं एकाच ताग्यातलं, एकाच फेरीत घे. पुढच्या आठवड्यात येणारा तागा दुसऱ्या रंगणीचा असतो.

तयार कपड्यांसाठी एवढं लांब जायची गरज नाही. तुझ्या शाह आलमच्या पीकेएनएस संकुलात कुरुंग-तुडुंगांच्या दुकानांची रांगच आहे. बांगीलाही बुटिकं खच्चून आहेत, पण तिथे किंमतीही बुटिकच्या. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत सगळीकडे भाव पडतात, हे खरं. पण तेव्हा उरतात ती कुणालाच न बसणारी मापं आणि कुणालाच नको असलेला नारिंगी. आणि तेव्हा तू रोजा धरून, उन्हात, त्या गर्दीत उभी असशील. दोन पैसे वाचवायला ते करायचं तर कर, मी करणार नाही.

पैशाचं आता स्पष्ट बोलते. माकनी तुला कपडे आणायचं काम दिलंय, बारा जणांचं बिल दिलेलं नाही, आणि तू मात्र 1500 रिंगिट बारांनी भागत बसली आहेस. काक लॉन्गच्या घरातल्या पाच जणांचे पैसे काक लॉन्गचं घर देईल. तशीच रीत असते, फक्त तू आधी बोललं पाहिजेस. खरेदीच्या आधी ग्रुपवर प्रत्येकाच्या नावापुढे अंदाजे रक्कम टाक. नंतर पावत्या टाकणं कटू होतं, आधी आकडा टाकणं होत नाही. माक आणि आबाहंचे कपडे मुलांनी मिळून करायचे, तीन भावंडांत विभागून. धाकटा कमावता असेल तर त्यालाही त्यात ओढ, पैसे दिले की त्याला मतही येईल. उरलात तुम्ही दोघं आणि तुझे आईबाबा. एवढ्याला 1500 रिंगिट पुरून उरतील. जे उरतील ते वेगळे ठेव, ईदच्या दिवशी मुलांच्या हातात पैशांची पाकिटं ठेवावी लागतात आणि तो आकडा नव्या सुनेला नेहमी चकवतो.

जुळणारा पोशाख फक्त पहिल्या दिवशी. सकाळची ईदची नमाज, मग थोरामोठ्यांच्या हाती हात देऊन माफी मागणं, मग तो फोटो, मग कबरस्तान. एवढ्यासाठीच सगळा खटाटोप. दुसऱ्या दिवसापासून गेल्या वर्षीचे घाला. रमजाननंतरचा शव्वाल महिनाभर कुणाकुणाकडे जेवणं असतात, तेव्हाही आलटून पालटून हेच. "दुसऱ्या दिवसाचा पोशाख" असा विषय कुणी ग्रुपवर काढला तर ऐकू न आल्यासारखं कर.

ईदची तारीख आदल्या रात्रीच कळते, चंद्रदर्शनानंतर टीव्हीवर जाहीर होतं तेव्हा. म्हणजे रोजे एकोणतीस की तीस, हे धरून चालायचं नाही. सगळं एकोणतिसाव्याच्याही दोन दिवस आधी तयार, इस्त्री करून, हँगरला लावून गाडीत. मुआरला पोचून इस्त्री करू म्हणशील तर बारा माणसं, एक इस्त्री आणि सगळं क्वालालंपूर रस्त्यावर उतरल्यामुळे दोन-अडीच तासांच्या प्रवासाला लागलेला अख्खा दिवस, हे गणित सुटणार नाही. शिंप्याला तारीख सांगताना खऱ्यापेक्षा दहा दिवस अलीकडची सांग. ते त्यांनाही माहीत असतं, तरी सांग.

तुझी आई. तिला कुरुंग घालायला हरकत काहीच नाही. मलेशियात तो सरकारी शाळांत मुलींच्या गणवेशात आहे, ऑफिसात बायका घालतात, चिनी आणि भारतीय वंशाच्याही हौसेने घालतात. कुणाला खटकत नाही, उलट माक खूश होतील. पण तिला विचार, तिला काय हवंय. रत्नागिरीतली पन्नाशी-साठीतली बाई परक्या घरी, परक्या भाषेत, शिवाय परक्या कपड्यात दिवसभर अवघडून बसली, तर ते तुझ्या फोटोत दिसेल. तिने आपली साडी किंवा सलवार-कमीज त्या रंगाची घातली, डोक्यावर पदर-ओढणी तीच, तर ती त्या रांगेत जराही वेगळी वाटणार नाही. तीन छटांत तिची चौथी. घालायचाच झाला तर जुन्या धाटणीचा, तयार, सैल कुरुंग, मापाची भानगड नाही. परकराला एका बाजूला चुण्या असतात, त्या पुढे येतात की कडेला हे काक लॉन्गला दाखवू दे. नणंदेला अशी एक कामगिरी दिली की तिचं काळ्या रंगाचं दुःख हलकं होतं.

बाबांना बाजू मलायू झब्बा-लेंग्यासारखाच वाटेल, पहिल्या मिनिटात सवय होईल. अडचण फक्त सांपिनाची. ते बांधायची कला एका सकाळीत येत नाही, आणि मशिदीच्या वाटेवर सुटलं तर बाबा पुन्हा मलेशियात यायचे नाहीत. धर्माच्या नियमामुळे रेशीम अंगाला लावत नसतील तर सुती किंवा यंत्रावरचं पॉलिएस्टरचं सांपिन घे, आणि मुलांसारखंच शिवून वेलक्रो लावलेलं. मोठ्यांच्या मापात ते मिळतं. त्यांना लाज वाटली तर सांग, धाकट्या दिराचंही तसलंच आहे. बहुधा असेलच.